कमरेला बांधलेल्या पावत्या

तळेगाव दाभाडे,
आषाढ वद्य पंचमी

सुऱ्या,

दीड वर्ष पत्र नाही की फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो. झालं.

माझी बँक बुडाली. तीच, जिथे अर्धा टक्का जास्त म्हणून मी रिटायरमेंटचे सगळे पैसे टाकले होते आणि ‘चेअरमन आपला माणूस आहे’ असं तुला ऐकवलं होतं. मेच्या शेवटी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. शटरवर कागद, बाहेर आम्ही सगळे म्हातारे. माझे ८ लाख ४० हजार. त्यातल्या ५ लाखांना विमा आहे, तोही व्याज धरून. ९० दिवसांत मिळतात म्हणे. २०२० च्या आधी लाखच मिळायचा, तेव्हा मी नशीबवान. अर्धे हिच्या नावावर असते तर दोघांचे वेगवेगळे धरून सगळेच सुटले असते. हे ती दिवसातून दोनदा सांगते, सकाळच्या चहाला आणि रात्री दिवा घालवताना.

पण पैशांसाठी हे पत्र नाही. पैशांसाठी मी तुला कशाला लिहू, तुझं-माझं पैशांवरूनच फाटलं होतं.

माळ घालून मला २२ वर्षं झाली. बँक बुडाली त्या रात्री हरिपाठाला बसलो तर तोंडात आकडे. नाम घ्यावं तर मध्येच तीन लाख चाळीस. तेव्हा चरकलो. इतकी वर्षं जी शांती मी विठोबाच्या खात्यावर मांडत होतो ती मुदतठेवीच्या पावत्यांची होती रे. कपाटात पावत्या शाबूत, म्हणून देवासमोर डोळे छान मिटायचे.

तरी वारीला गेलो. आणि हसू नकोस, पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधून गेलो. घर बंद, चोर आला तर? बुडालेल्या बँकेच्या पावत्या नेऊन चोर काय करणार, हे विचारू नकोस. देहूत प्रस्थानाच्या दिवशी पाऊस लागला. मी इंद्रायणीच्या घाटावर पोटाशी पिशवी धरून वाकून बसलेला. शेजारच्या वारकऱ्याने विचारलं, ‘माउली, औषधं का?’ मी हो म्हणालो. नदीकाठी, माळ गळ्यात, खोटं.

आणि मग डोक्यात उजेड पडला. तुकोबांचं घर सावकारीचं. दुष्काळात दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. पुढे त्यांनी कर्जखतं काढली, निम्मी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाटणीची ह्याच नदीत सोडली. भावाची नाही, फक्त आपली. कीर्तनात शंभरदा ऐकलंय, डोळेही पुसलेत. त्यांच्या कागदांवर निदान कुणाकडून तरी येणं होतं. माझे आधीच बुडालेले, आणि मी ते पाण्यापासून वाचवत होतो!

तू म्हणशील, बुडाल्यावर वैराग्य सुचलं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. म्हण. वैराग्य कुठलं, यवतच्या मुक्कामाला पोचेपर्यंत पिशवी तीनदा चाचपली. तिथे पिठलं-भाकरीच्या पंगतीत बसलो. वाढणाऱ्याने माझं नाव-गाव विचारलं नाही, भाकरी मोजल्या नाहीत. आणि घास घशाशी आला, कारण मंजूवहिनींचं ऑपरेशन आठवलं. तू साठ हजार मागितले होतेस. मी म्हणालो होतो, ‘एफडी मोडली तर एक टक्का जातो.’ साठ हजारांचा एक टक्का म्हणजे वर्षाचे ६०० रुपये, सुऱ्या. तू चार वर्षं बोलला नाहीस आणि मी ती चारही वर्षं तुलाच हट्टी म्हणत होतो. (कॅरममधली राणी मात्र तूच ढकलली होतीस, ते मी अजून सोडलेलं नाही.) ती एफडी मी पुढे दर वेळी व्याजासकट फिरवत राहिलो. शेवटी ह्याच बँकेत आणून ठेवली.

पंढरपुरात कळसाला एका हाताने नमस्कार केला, दुसरा कमरेवर. ही म्हणाली, ‘तोही कमरेवर हात ठेवून उभा, तुम्हीही. त्याने काय बांधलंय कोण जाणे.’ भर गर्दीत हसलो दोघं, बँक बुडाल्यापासून पहिल्यांदा.

धाकट्याचं जमलं असं ऐकलं, तारीख कळव. मोजणीचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग. त्या घेतील की नाही माहीत नाही, तरी सांग.

पावत्या परत कपाटात आहेत. काल कुलूप लावलं, मग स्वतःचाच राग येऊन काढलं, झोपताना पुन्हा लावलं.

वर एक ओळ खोडलेली दिसेल. ‘विम्याचे आले की त्यातले साठ हजार तुला पाठवतो’ असं लिहिलं होतं. तू घेणार नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं होतं.

तुझा,
दत्ता