डीबगर भलत्याच ओळीवर थांबतो? सभासदांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार. कापूस वेचणीच्या हिशोबाच्या ॲपवर काम करणाऱ्यांसाठी. ‘स्टेप इन्टू’ (फंक्शनच्या आत जाणं) करून अँड्रॉइडच्या स्वतःच्या कोडमध्ये शिरलं की डीबगर, म्हणजे कोड एकेका ओळीवर थांबवून चूक शोधायचं साधन, कधी कॉमेंटवर, कधी रिकाम्या ओळीवर उभा राहतो. ही चूक आपल्या कोडची नाही, म्हणून आपला चांगला चाललेला कोड कृपया बदलू नका.

बहुतेकांच्या फोनवर अँड्रॉइड १० आहे, म्हणजे एपीआय (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) २९. आपलं कंपाइल एसडीके (ज्या आवृत्तीवर आपण ॲप बांधतो ती) मात्र ३४, आणि अँड्रॉइड स्टुडिओ त्याचाच सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडतो. फोनकडून डीबगरला क्लासचं नाव आणि ओळीचा नंबर तेवढा कळतो. ३४ च्या सोर्समध्ये त्या नंबरवर दुसरंच काही असतं.

स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमध्ये ‘शो पॅकेज डिटेल्स’वर टिक करा आणि फोनच्या एपीआयचे ‘सोर्सेस’ घ्या. सिस्टिम इमेजच्या (एमुलेटरला लागणाऱ्या अख्ख्या अँड्रॉइडच्या फाइलच्या) मानानं ते फार लहान असतात, हॉटस्पॉटवरही उतरतात. स्टुडिओ जुना असेल तर अपडेट करा.

तरीही काही फोनवर ओळी जुळणार नाहीत, कारण कंपन्या अँड्रॉइडच्या कोडमध्ये स्वतःचे बदल करतात. तिथे एपीआय ३४ चा एमुलेटरच (संगणकावर चालणारा नकली फोन) खरा. त्याची इमेज मोठी आहे आणि गावात लाइनचा भरवसा नाही. यवतमाळला जाणाऱ्यानं तिथल्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हवर सगळ्यांसाठी आणावी. कोण जाणार आहे, ते आजच कळवा.