दोडामार्गच्या काकांना थँक्यू, जायफळाच्या दलदलीसाठी

काका, नमस्कार. नाव टाकू नको म्हणालात म्हणून नुसतं काका लिहितेय, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचेत. जायफळाच्या कुळातली झाडं किती धोक्यात आहेत ते ठरवायच्या फॉर्मसाठी आम्ही आलो, आणि तुम्ही आम्हाला त्यांच्या दलदलीत, म्हणजे ही झाडं वाढतात त्या पाणथळ जंगलात, फिरवलंत.

जायफळाच्या कुळातल्या आपल्या सह्याद्रीत पाचेकच जाती, त्यातली मिरिस्टिका मॅग्निफिका आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे संकटातल्या जातींच्या यादीत, धोक्यात आणि रामपत्री असुरक्षित. हे ठरवताना नकाशावर 2 किमी बाय 2 किमीचे चौकोन आखतात आणि झाड सापडलं की तो अख्खा चौकोन मोजतात. म्हणजे बघा, बांबर्ड्याच्या देवराईतली दलदल 2.59 हेक्टरची, 2021 ला जैवविविधता वारसा स्थळ झाली ती, पण हिशेबात धरली जाते 400 हेक्टर! म्हणून माझ्या मते खरा जीव फॉर्मच्या पुढच्या रकान्यांत असतो, झाडं घटतायत का, रोपं वाढतायत का, वरचं पाणी कुणी पाट काढून बागायतीला वळवलंय का, आणि हे हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांच्या, शीटवरून कुणाच्या बापाला कळणार नाही, त्याला तिथे जन्म काढलेला माणूसच लागतो.

तुम्ही चिखलातलं एक फळ उचलून फोडलंत, आत बी आणि त्याला घट्ट बिलगलेली लालसर जायपत्री, आणि सहज बोलून गेलात, "ह्या झाड धरता, ता बाजूचा कधीच धरना नाय." काका, तुम्हाला कल्पना नाही ते वाक्य आमच्यासाठी केवढं मोठं होतं! ह्या कुळात बहुतेक नर झाड वेगळं मादी झाड वेगळं, फुलं नसताना आम्हाला ओळखता येत नाही, आणि नुसती मोठी झाडं मोजून आकडा भरला तर बी देणारी किती ते त्यात कुठेच दिसत नाही. तुम्ही मात्र एकेका झाडापाशी थांबून सांगत गेलात, गुडघ्यासारखी वर आलेली मुळं कुणी तुडवू नयेत म्हणून सगळ्यांना ओरडत ओरडत, आणि पूर्वी पाणी कुठवर असायचं तेही काठीने दाखवलंत.

ते सगळं आमच्या नोंदीत गेलंय, स्थानिक माहिती म्हणून, तुमच्या शब्दांत. फॉर्म आता तपासणीला जाईल, प्रश्न आले की परत फोन करेनच. काकींना नमस्कार सांगा, त्यांच्या हातच्या घावण्यांसाठी वेगळं थँक्यू. आणि ओढ्यापलीकडच्या त्या दोन झाडांना यंदा फळं धरली तर प्लीज मिस कॉल द्या, मी लगेच निघते.