चालण्याच्या बातम्या आणि लघवीची नळी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाठीच्या कण्यात यंत्र बसवल्यावर पांगळा माणूस चालू लागल्याची बातमी आपल्या रविवार पुरवणीत फोटोसह आली. सकाळपासून मुंबईच्या चाकरमान्यांपासून वाशीच्या दलालापर्यंत सगळ्यांनी ती मला व्हॉट्सॲपवर धाडली. आईने तर लगेच देवळात गाऱ्हाणं घालायला माणूस पाठवला.

मी लांजा तालुक्यातला आंबा बागायतदार. हापूस उतरवताना फांदी मोडली आणि बाराव्या मणक्याशी मज्जारज्जू चेचला गेला. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. आता पडवीत चाकाच्या खुर्चीवर बसून पेट्या भरून घेतो, हिशेब बघतो, दलालाशी भांडतो. भांडायला पाय लागत नाहीत.

स्वित्झर्लंडमधल्या ग्रेग्वार कूर्तीन आणि जोसलिन ब्लोक यांचं हे काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. (मथळ्यातला ‘विजेचे झटके’ हा शब्द मात्र चूक. तो सौम्य विद्युतप्रवाह असतो आणि त्याच्या जोडीला महिनोन् महिने व्यायाम करावा लागतो.) माझं म्हणणं वेगळं आहे. आम्हाला आधी काय परत हवंय, हे कुणी विचारलंय का?

विचारलंय. अमेरिकेतल्या किम अँडरसन यांनी, ज्या स्वतः याच दुखापतीसह जगतात, 2004 मध्ये 681 जणांची पाहणी प्रसिद्ध केली. मानेला इजा झालेल्यांनी सर्वांत आधी हात मागितले. माझ्यासारख्या, हात शाबूत असलेल्यांनी लैंगिक क्षमता मागितली. कृपया इथे कात्री लावू नये; लग्न झालेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच, फक्त ओपीडीत विचारायची सोय नसते. दोन्ही गटांत लघवी-शौचावरचा ताबाही वरच्या मागण्यांत होता. चालणं दोन्हीपैकी एकाही गटाची पहिली मागणी नव्हती.

हातांवरही काम झालंय. मानेवर बाहेरून, शस्त्रक्रिया न करता, विद्युत उत्तेजन देण्याची चाचणी 2024 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या संशोधन-नियतकालिकात आली. 60 जणांना आधी दोन महिने नुसती थेरपी दिली, मग दोन महिने थेरपीसोबत उत्तेजन. 43 जणांच्या हातांची ताकद आणि कामं करण्याची क्षमता, दोन्ही सुधारली. स्वतःच्या हाताने घास घेता येणं म्हणजे काय, हे ज्याला दुसऱ्याने भरवावं लागतं त्याला विचारा. ही बातमी मला मराठीत कुठेच दिसली नाही. चमचा धरलेल्या हाताचा फोटो कदाचित उठावदार दिसत नसेल.

पण माझा मुख्य मुद्दा त्याहून जुन्या संशोधनाचा आहे. मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं, की मूत्राशय ठरावीक वेळाने साध्या स्वच्छ नळीने रिकामं केलं तर चालतं. ऑपरेशन थिएटरइतकं निर्जंतुक असण्याची गरज नाही. मूत्राशय तुडुंब भरून ताणला जाणं जास्त घातक. त्याआधी मूत्रपिंडं निकामी होऊन आमच्यासारखी माणसं मरत.

मला दवाखान्यातून घरी सोडलं ते कायमची नळी आणि पिशवी लावून. दुसरा मार्ग आहे हे कुणी बोललंच नाही. थंडी वाजून ताप, गढूळ लघवी, इंजेक्शनं, पुन्हा तेच. शेवटी पुण्यात एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं: साबणाने हात धुवायचे, नळीला जेली लावायची, हळूहळू आत सरकवायची, धार थांबली की पोट जरा दाबून उरलेली काढायची. भरल्याचं कळत नाही, म्हणून घड्याळ बघून चार ते सहा तासांनी. तापाचं सत्र तुटलं, आणि पिशवी गेल्यामुळे मी पाहुण्यांत बसायला लागलो.

बेडसोअरचंही, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमांचंही, तसंच. शिबिरात खुर्ची मिळाली, तिच्यावरची गादी नाही. घडी घातलेल्या गोधडीवर बसलो आणि बूड फुटलं. ती जखम भरेपर्यंत अख्खा हंगाम पालथा पडून काढला. आता दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलतो. हेही कुणी नवीन शोधलेलं नाही. कुशीवर वळवण्याची दोन-दोन तासांची शिस्त डॉ. लुडविग गुटमान यांनी 1944 पासून इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिलच्या इस्पितळात लावली होती. आपल्याकडे खडकीच्या लष्करी पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळं पडलेल्यांच्या) केंद्रात, मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत हे सगळं माहीत आहे. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या घरापर्यंत ते पोचत नाही, कारण तिथवर खुर्चीच जात नाही. मला चौघे उचलून नेतात तेव्हा मी रस्त्याला लागतो.

तेव्हा एक विनंती. आपले वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन एवढंच विचारावं: बारा-चौदा नंबरच्या साध्या नेलेटन नळ्या (लघवी काढायच्या) साठ्यात आहेत का? त्या घालायला कोण शिकवतं, कुठल्या वारी? मणक्याचा पेशंट घरी सोडताना घरच्यांना कुशीवर वळवणं, जखमा तपासणं दाखवतात का? उत्तरं तालुकावार छापावीत. आमच्याकडे मार्चपासून माणसं झाडावर चढतात, त्याआधी छापलीत तर बरं.

आपला वाचक,
एक आंबा बागायतदार
ता. लांजा, जि. रत्नागिरी