खुर्ची भाड्याने घेताना सॉफ्टवेअरही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑफिस (Awfis) स्पेस सोल्युशन्स ही कंपनी मे २०२४ मध्ये, स्मार्टवर्क्स आणि इंडिक्यूब जुलै २०२५ मध्ये आणि वीवर्क इंडिया ऑक्टोबर २०२५ मध्ये शेअर बाजारात दाखल झाल्या. त्या निमित्ताने को-वर्किंगवर, म्हणजे तयार ऑफिसातल्या सीट भाड्याने देण्याच्या धंद्यावर, बरेच लिहून आले, पण चर्चा राहिली ती सीटची संख्या, चौरस फूट आणि भाडे यांचीच. बाणेर, खराडी किंवा अंधेरीत दहा-वीस सीट घेणाऱ्या लहान कंपन्याही खुर्च्या, कॉफी मशीन आणि पार्किंग बघून सही करतात. महिन्याभरात तक्रारी सुरू होतात त्या मात्र दार, वाय-फाय, मीटिंग रूम आणि बिल यांच्या. या चारही गोष्टी सॉफ्टवेअरवर चालतात आणि सही करण्यापूर्वी त्यांची चौकशी क्वचितच होते. म्हणून हे पत्र.

तयार ऑफिस भाड्याने देण्याचा धंदा जुना आहे. मार्क डिक्सन यांनी १९८९ मध्ये ब्रुसेल्सला रीगस सुरू केली. त्या काळच्या बिझनेस सेंटरमध्ये टेबल, रिसेप्शनिस्ट आणि फोन मिळे, बाकी कारभार रजिस्टरवर. ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत को-वर्किंगची सुरुवात केली, २०१० मध्ये न्यूयॉर्कला वीवर्क उभी राहिली, आणि पुढच्या काही वर्षांत कोबॉट, नेक्सुडस, ऑफिसआरएनडी अशी खास या धंद्यासाठी बनवलेली सॉफ्टवेअर बाजारात आली. विक्रीचे मापच बदलले. चौरस फूट आणि वर्षे यांच्या जागी सीट आणि तास आले. एका दिवसाचा पास किंवा आठवड्यातून तीन दिवसांची सीट हाताने हिशेब ठेवून विकता येत नाही, कारण अशा प्रत्येक विक्रीची खबर दाराला, वाय-फायला, कॅलेंडरला आणि बिलाला एकाच वेळी पोहोचावी लागते. सॉफ्टवेअरने धंद्याचे सगळेच प्रश्न सुटले असे मात्र नाही. वीवर्कने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. घेतलेल्या जागांचे करार लांब मुदतीचे आणि ग्राहकांचे आखूड, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्यावर ॲपचा इलाज चालत नाही.

आधी दार. बऱ्याच केंद्रांत अजून १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डे वापरतात. त्यांची नक्कल काही सेकंदांत होते. मायफेअर क्लासिक कार्डांची सांकेतिक पद्धत २००८ मध्येच उघडी पडली आहे. तुमच्या केबिनमध्ये ग्राहकांची कागदपत्रे राहणार असतील तर डेसफायरसारखे, १२८ बिटचे एईएस कूटलेखन वापरणारे कार्ड आहे का, ते विचारा. कंट्रोलरकडे, म्हणजे दाराचे कुलूप चालवणाऱ्या यंत्राकडे, कार्डांची यादी स्थानिक पातळीवर साठवलेली असते का, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. प्रत्येक वेळी क्लाउडला विचारून दार उघडणारी यंत्रणा इंटरनेट गेले की माणसांना बाहेर उभे करते. उलट बाजूही आहे. नोकरी सोडलेल्या माणसाचे कार्ड सॉफ्टवेअरमध्ये बंद केले, पण कंट्रोलर ऑफलाइन असल्याने जुनीच यादी धरून बसला, तर ते कार्ड चालतच राहते. म्हणून कार्ड बंद केल्यावर ते प्रत्यक्ष दारावर लावून बघण्याची पद्धत असावी.

काचेच्या दारावरचे विद्युतचुंबकी कुलूप साधारण २७० किलोचा ओढा सोसते आणि वीज गेली की सुटते. आगीच्या वेळी ते सुटलेच पाहिजे. त्यासाठी फायर पॅनेलच्या (आगीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या) रिलेने, म्हणजे स्विचने, कुलपाची वीज थेट तोडायला हवी. ‘आमच्या ॲपवरून सगळी दारे एकदम उघडता येतात’ हे उत्तर इथे चालणार नाही. ॲप, सर्व्हर आणि नेटवर्क हे तिन्ही आगीत चालू राहतील असे कोणी धरू नये. केंद्र बघायला जाल तेव्हा शेवटचा फायर ड्रिल कधी झाला आणि त्यात दारे आपोआप सुटली का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

वाय-फायचा गोंधळ बहुतेक वेळा लाइनच्या वेगामुळे होत नाही. शंभर सीटचे केंद्र असेल तर लॅपटॉप, फोन आणि एखादा टॅब धरून अडीचशेच्या आसपास उपकरणे होतात. नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला एक क्रमांकी पत्ता लागतो. नेटवर्क नेहमीच्या स्लॅश २४ पद्धतीने मांडलेले असेल तर असे पत्ते मिळतात २५४. त्यात पत्त्याची मुदत २४ तासांची ठेवलेली असली की काल दिवसाचा पास घेऊन आलेल्या लोकांचे फोन आजही पत्ते अडवून बसतात, आणि सकाळी अकराच्या सुमारास नव्या माणसाला ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ असे दिसते. रिसेप्शनवरून राउटर बंद-चालू होतो, तासभर बरे वाटते, पुन्हा तेच. उपाय साधा आहे: १,०२२ पत्ते देणारे स्लॅश २२ घ्यावे किंवा पाहुण्यांच्या नेटवर्कवर मुदत दोन-चार तासांवर आणावी. गजबजलेल्या मजल्यावर ८० मेगाहर्ट्झचे रुंद चॅनेल लावणे हीसुद्धा नेहमीची चूक. वेगाची चाचणी झकास येते आणि शेजारशेजारचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी यंत्रे) एकमेकांवर बोलत राहतात. तिथे २० किंवा ४० मेगाहर्ट्झच योग्य.

सर्वांना एकच पासवर्ड देणारे केंद्र मात्र सरळ नाकारावे. प्रत्येक कंपनीला वेगळे व्हीलॅन (त्याच यंत्रणेतला स्वतंत्र नेटवर्क-कप्पा) आणि प्रत्येक माणसाला वेगळी ओळख हवी, म्हणजे शेजारच्या केबिनमधला लॅपटॉप तुमचा प्रिंटर किंवा फायलींचा सर्व्हर बघू शकत नाही. तपासायचे असेल तर भेटीच्या वेळी फोनवर नेटवर्क स्कॅन करणारे एखादे मोफत ॲप चालवा. पाहुण्यांच्या नेटवर्कवर इतरांचे लॅपटॉप आणि प्रिंटर नावानिशी दिसू लागले तर तिथे कंपन्यांमध्ये भिंत नाही असे समजा. काही केंद्रे फोनच्या हार्डवेअर पत्त्यावरून (उपकरणाच्या कायम क्रमांकावरून) हजेरी मोजतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन तो पत्ता लपवून बनावट पत्ता देतात, त्यामुळे अशा मोजणीवर लावलेले बिल मान्य करू नये.

दोन कंपन्यांच्या लाइन आहेत, एवढ्यावर समाधान मानू नका. दोन्ही फायबर इमारतीत एकाच डक्टमधून येत असतील तर रस्त्याची एक खोदाई दोन्हींना पुरते. शिवाय एका लाइनवरून दुसरीवर उडी पडली की बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या लाइनची ओळख असलेला क्रमांक) बदलतो. तुमच्या ग्राहकाने त्याच्या सर्व्हरवर एकाच पत्त्याला परवानगी दिलेली असेल तर इंटरनेट सुरू असूनही काम थांबते. दोन्ही लाइनचे स्थिर पत्ते आधीच मागून घ्यावेत आणि दोन्हींची नोंद करून ठेवावी.

मीटिंग रूमची भांडणे कॅलेंडरच्या सांध्यावर होतात. केंद्राचे सॉफ्टवेअर तुमच्या गूगल किंवा आउटलुक कॅलेंडरशी दर काही मिनिटांनी माहिती जुळवत असेल, तर त्या मधल्या वेळेत एकच खोली दोघांना मिळू शकते. बदल झाल्याक्षणी कळवणारी जोडणी हवी. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे दर सोमवारचे बुकिंग महिनोन्महिने खोली अडवते. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटांत कोणी आले नाही तर खोली आपोआप सुटावी आणि हजेरी दारावरच्या टॅबवरच लागावी. फोनवरून लागत असेल तर लोक घरबसल्या ‘आलो’ दाबतात. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर सगळी भिस्त ठेवू नये. फोन बूथमध्ये स्तब्ध बसून बोलणारा माणूस त्याला दिसत नाही, आणि दिवा जातो.

हॉट डेस्क (कोणा एकाची ठरलेली नसलेली, येईल त्याची सीट) सीटपेक्षा जास्त लोकांना विकतात, त्यात गैर काही नाही. तो धंद्याचा पायाच आहे. पण हिशेब सरासरीवर केला की फसतो. समजा १०० सीटवर १३० सभासद आहेत आणि महिन्याची सरासरी हजेरी ६५. सोमवारी-शुक्रवारी ४० येत असतील आणि बुधवारी ११०, तर त्या दिवशी दहा जण लॅपटॉप घेऊन पॅन्ट्रीत बसणार. केंद्राकडून सरासरी घेऊ नका. गेल्या तीन महिन्यांतील बुधवारी सकाळी अकराचे आकडे मागा. सॉफ्टवेअरमध्ये ते असतातच.

भारतीय वेळेचाही एक खास घोळ आहे. परदेशी सॉफ्टवेअर दिवस मोजते ते बहुधा जागतिक वेळेनुसार. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मांडणी नीट केलेली नसेल तर एक तारखेला सुरू होणारे सभासदत्व आपल्याकडे पहाटे साडेपाचला जागे होते. अमेरिकी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणारी पुण्यातली टीम मध्यरात्री दाराशी येते आणि कार्ड चालत नाही. मध्यरात्रीनंतर निघालेल्या बिलावरही आदल्या महिन्याची तारीख पडते आणि जीएसटीचा महिना चुकतो.

बिलातली मोठी चूक कराच्या राज्याची. जागा वापरण्याच्या सेवेला पुरवठ्याचे ठिकाण (ज्यावरून कराचे राज्य ठरते) म्हणजे मालमत्ता जिथे आहे ते राज्य, ग्राहकाचा पत्ता नव्हे. फक्त बंगळूरमध्ये नोंदणी असलेल्या कंपनीने पुण्यात सीट घेतल्या तर ९ टक्के केंद्र सरकारचा आणि ९ टक्के महाराष्ट्राचा कर लागतो. महाराष्ट्रात नोंदणी नसेल तर त्याचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. महिना ३ लाखांच्या बिलावर ते ५४ हजार होतात. पत्ता पाहून सरसकट आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा कर) लावणारे सॉफ्टवेअर ही अडचण सुरुवातीला झाकते आणि ती हिशेब तपासणीत वर येते. नोंदणी करायची तर करार, ना हरकत पत्र आणि वीजबिल लागते. ते केंद्र देणार का, हे सहीपूर्वीच लेखी घ्यावे.

वसुलीचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणारी मासिक कपात १५ हजारांपर्यंतच ओटीपीशिवाय होते, म्हणजे १८ टक्के कर धरता मूळ रक्कम १२,७०० पर्यंत. त्याहून मोठे बिल दर महिन्याला कोणीतरी मंजूर करावे लागते. तो संदेश हिशेबनीसाच्या फोनवर पडून राहतो, सॉफ्टवेअर बिल थकलेले धरते आणि पाच तारखेला सगळ्या टीमची कार्डे बंद करते. मोठ्या रकमेसाठी बँक खात्यावरचे नॅच मॅन्डेट (खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची परवानगी) द्यावे, आणि कार्ड बंद करण्यापूर्वी माणसाने फोन करावा आणि सात दिवसांची मुदत द्यावी, हे करारात लिहून घ्यावे.

राहिली नोंदींची गोष्ट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय यंत्रणांचे लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. केंद्राच्या नेटवर्कवर काही घडले तर कोणी कळवायचे, केंद्राने की तुम्ही, याचे उत्तर बहुतेक करारांत नसते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. चेहरा ओळखून हजेरी घेणाऱ्या केंद्रांनी ती मुदत संपण्याची वाट न पाहता कर्मचाऱ्यांना कार्डाचा पर्याय द्यावा.

केंद्रचालकांना आमची विनंती एकच आहे. कराराला एक पानी जोडपत्र लावा. त्यात कार्डाचा प्रकार, व्हीलॅन, दोन्ही लाइनचे मार्ग, खोली सुटण्याची वेळ, कार्ड बंद करण्याची पद्धत आणि लॉग किती दिवस राहतात ते लिहा. करार संपल्यावर सभासदांची माहिती किती दिवसांत पुसली जाईल आणि तसे लेखी पत्र कोण देईल, हेही त्यातच असावे.

आपले,
को-वर्किंग केंद्रांची नेटवर्क आणि बिलिंग व्यवस्था सांभाळणारे काही वाचक, पुणे