तयार झालेली एसक्यूएल वाचल्याशिवाय काम संपत नाही

संपादक महोदय,

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची शिकवणी प्राणी, कुत्रा, मांजर अशा क्लासपासून सुरू होते आणि इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझमपाशी थांबते. मोठ्या व्यावसायिक प्रणाली अडखळतात त्या बहुधा दुसरीकडेच, ऑब्जेक्टची डेटाबेसमधल्या नोंदीशी गाठ पडते तिथे. जावामध्ये ही गाठ हायबरनेटसारखी ओआरएम साधने (ऑब्जेक्ट आणि टेबल यांची जुळणी करणारी) घालून देतात. डेटाबेसला पाठवायची एसक्यूएल (क्वेरींची भाषा) हीच साधने लिहितात, म्हणून ती कुणी वाचत नाही. नव्या डेव्हलपरना ती वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र.

100 ऑर्डरींची यादी आणली आणि लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचे नाव विचारले, असे समजा. ग्राहक वेगवेगळे असतील तर यादीची 1 आणि ग्राहकांच्या 100, अशा 101 क्वेरी जातात. डेटाबेस आपल्याच मशीनवर असेपर्यंत हे जाणवत नाही. तोच नेटवर्कपलीकडे गेला आणि प्रत्येक फेरीला 2 मिलिसेकंद लागले, की नुसत्या ये-जा करण्यात 202 मिलिसेकंद जातात. जेपीए या जावाच्या ओआरएम मानकात मेनी-टू-वन (अनेक ऑर्डरींना एक ग्राहक) आणि वन-टू-वन ही नाती सांगितले नाही तर ईगर असतात, म्हणजे नाव विचारले नाही तरी ग्राहक आणलाच जातो. म्हणून सगळी नाती लेझी (मागितल्यावरच आणणारी) ठेवावीत आणि जिथे गरज आहे त्याच क्वेरीत जॉइन फेच (संबंधित नोंदीही सोबत आणण्याची सूचना) लिहावे. वन-टू-वनच्या ज्या बाजूला फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीचा निर्देश) नसते तिथे मात्र नुसते लेझी लिहून भागत नाही. समोर नोंद आहे की नाही हे ठरवण्यासाठी हायबरनेटला क्वेरी करावीच लागते.

जॉइन फेचही जपून वापरावे. एका ऑर्डरला 20 वस्तू आणि 5 हप्ते असतील आणि दोन्ही कलेक्शन एकाच क्वेरीत ओढली, तर एका ऑर्डरपोटी 100 ओळी येतात. त्याहून घातक म्हणजे कलेक्शनचे जॉइन फेच आणि पानांची मर्यादा (एका वेळी ठरावीक नोंदीच आणणे) एकत्र येणे. अशा वेळी हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथे पान कापते आणि लॉगमध्ये फक्त एक इशारा लिहिते. हा इशारा एरर समजूनच थांबावे. उपाय दोन क्वेरींचा आहे: पहिलीत त्या पानापुरते आयडी आणि दुसरीत त्याच आयडींसाठी जॉइन फेच.

ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणाऱ्या व्यवहाराच्या) बाबतीत सर्वांत महाग पडते ती एकच गोष्ट: ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून बाहेरच्या सेवेला कॉल करणे. हिकारी पूलमध्ये (तयार ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनच्या साठ्यात) सांगितले नाही तर 10 कनेक्शन असतात. त्या कॉलपायी प्रत्येक विनंतीने कनेक्शन 2 सेकंद धरून ठेवले, तर सेकंदाला 5 च विनंत्या पुढे सरकतात. बाकीच्या 30 सेकंद वाट पाहून एरर देतात आणि दोष डेटाबेसच्या माथी मारला जातो. बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आधी किंवा नंतर करावा. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला थेट बोलावले तर ट्रान्झॅक्शन उघडणारी प्रॉक्सी (स्प्रिंगने भोवती घातलेला ऑब्जेक्ट) मध्ये येत नाही, त्यामुळे दुसरीवरचे ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन निष्फळ ठरते. आणि चेक्ड एक्सेप्शन (कोडमध्ये हाताळणे किंवा जाहीर करणे सक्तीचे असते असे) आले तर वेगळे सांगितल्याशिवाय रोलबॅक होत नाही, म्हणजे बदल मागे घेतले जात नाहीत.

ऑब्जेक्टचा हॅशकोड (हॅशसेटमध्ये त्याची जागा ठरवणारा आकडा) डेटाबेसने दिलेल्या आयडीवर बेतला असेल, तर सेव्ह करण्याआधी हॅशसेटमध्ये टाकलेला ऑब्जेक्ट सेव्ह झाल्यावर त्याच सेटमध्ये सापडत नाही, कारण हॅश बदललेला असतो. ऑब्जेक्ट तयार होतानाच यूयूआयडी (डेटाबेसशिवाय बनवता येणारा एकमेव आयडी) द्यावा आणि तुलना त्यावरच करावी.

जास्तीच्या क्वेरी टेस्टमध्ये पकडता येतात. हायबरनेटचे स्टॅटिस्टिक्स चालू करा, सर्व्हिसची मेथड चालवा आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंटची, म्हणजे डेटाबेसकडे गेलेल्या क्वेरींची, संख्या तपासा. आकडा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की टेस्ट नापास. यात तीन ठिकाणी फसगत होते. टेस्टमध्ये एकच ऑर्डर असेल तर 2 क्वेरी दिसतात आणि काही खटकत नाही. म्हणून वेगवेगळ्या ग्राहकांच्या निदान तीन ऑर्डरी घाला. डेटा घातल्यावर फ्लश आणि क्लिअर केले नाही (बदल डेटाबेसला पाठवून मेमरी रिकामी केली नाही) तर ऑब्जेक्ट पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टमधूनच, म्हणजे हायबरनेटच्या सेशनने मेमरीत धरलेल्या साठ्यातूनच, मिळतात आणि आकडा खोटा येतो. मोजणीही त्यानंतरच शून्यावर आणा. शिवाय टेस्ट क्लासच ट्रान्झॅक्शनल असेल तर सेशन उघडे राहते आणि प्रत्यक्षात सेशन बंद झाल्यामुळे फुटणारे लेझी लोडिंग टेस्टमध्ये सुरळीत चालते. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (वेब विनंती संपेपर्यंत सेशन उघडे ठेवणारी सोय) मुळात चालू असते, तेही असेच झाकण घालते. नव्या प्रकल्पात ते पहिल्याच दिवशी बंद करावे. जुन्यात एकेक स्क्रीन तपासत.

टेस्टसाठी एचटूसारखा मेमरीतला डेटाबेस न वापरता, प्रत्यक्षात जो आहे तोच, त्याच आवृत्तीचा, टेस्टकंटेनर्सने (टेस्टपुरता डेटाबेस कंटेनरमध्ये चालवणाऱ्या लायब्ररीने) उभा करावा. लॉक आणि आयसोलेशन (एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शन एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे) प्रत्येक डेटाबेसचे निराळे असते. सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, पण एक कंटेनर सगळ्या टेस्टना पुरतो.

आपले,
एंटरप्राइझ सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही डेव्हलपर