हंपीची पायी फेरी गाडीतून झाली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : विजयनगरच्या पायी फेरीत जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याबद्दल तक्रार व निम्मी रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी माणशी २,२०० रुपये भरून आपली ‘विजयनगरची राजधानी पायी पाहा’ ही हंपीतली दिवसभराची फेरी घेतली. पावती आणि आपल्या जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे. हंपी बाजारापासून विठ्ठल मंदिरापर्यंत नदीकाठच्या वाटेने चालत जाणे, इतिहासाचा अभ्यास असलेला गाइड आणि सगळी माहिती मराठीतून, असे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापले आहे. यांतले काहीच मिळाले नाही.

आधी वाटेबद्दल, कारण पैसे आम्ही तिच्यासाठी मोजले होते. सकाळी विरूपाक्ष मंदिर पाहून आम्ही बाजाराच्या पूर्वेच्या टोकाला, मोठ्या नंदीच्या दिशेने निघालो, तर गाइडने हाका मारून मागे बोलावले. “उधर कुछ नहीं है, धूप लगेगी, गाडी खडी है.” मग गाडीत बसून कमलापूरवरून मोठा वळसा घेतला, विठ्ठल मंदिराच्या वाहनतळावर उतरलो आणि पुढे बॅटरीच्या गाडीने थेट देवळाशी. ज्या वाटेवर ‘कुछ नहीं’ तिच्या आजूबाजूला अच्युतरायाचे मंदिर आहे, त्याच्यासमोरचा रुंद बाजार आहे, कोदंडरामाचे देऊळ, पुरंदर मंडप आणि राजाच्या तुलादानाची दगडी कमान आहे. ही यादी माझी नाही, आपल्याच जाहिरातीतली आहे. चालत ते अंतर जेमतेम दोन किलोमीटर भरते.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने “देवळे तर सगळी दाखवली ना?” असे विचारले, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. देवळे सुटी सुटी पाहायला गाइड लागत नाही, रिक्षावालाही ती दाखवतो. राजधानी कळते ती देवळांच्या मधल्या जागेत: देवळासमोरून सरळ निघालेली पेठ, तिच्या दोन्ही अंगांना दगडी खांबांच्या ओवऱ्या, पेठ संपते तिथे टेकडी, टेकडीपलीकडे दुसरी पेठ आणि शेजारून वाहणारी तुंगभद्रा. पर्शियन दूत अब्दुर रझाकने १४४३ मध्ये इथे एकात एक सात तटबंद्या असल्याचे लिहिले. १५२० च्या सुमारास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाला हे शहर रोमएवढे मोठे वाटले. ते मोठेपण पायांना कळावे म्हणून तर पायी फेरी घ्यायची!

आता गाइडचा अभ्यास. त्याने सांगितले की कृष्णदेवराय तालिकोटच्या लढाईत मारला गेला आणि एका रात्रीत शहर जळाले. कृष्णदेवराय १५२९ मध्येच वारला. लढाई जानेवारी १५६५ मधली, विजयनगरचे सैन्य होते कारभारी रामरायाच्या हाताखाली, आणि शहराची लूट व मोडतोड पुढे कित्येक महिने चालली. त्या लढाईत विजयनगरविरुद्ध विजापूर, गोवळकोंडा आणि बिदरबरोबर आपल्या अहमदनगरचा निजामशहाही होता, हे मराठी मंडळींना सांगायला किती सोपे होते! दगडी रथ ‘अखंड एका दगडातला’ असल्याचेही ऐकले. तो अनेक दगड जोडून केलेला आहे, सांधे नक्षीत लपवले आहेत आणि मुळात ते गरुडाचे देऊळ आहे. पण रथापाशी प्रत्येकाला त्याच रथाचे चित्र असलेली पन्नासची नोट हातात धरून फोटो काढायला लावण्यात जो वेळ गेला, त्यात हे तीनदा सांगून झाले असते.

नरसिंहाच्या मूर्तीशी तर मला राहवले नाही. गाइड ‘उग्र नरसिंह’ एवढे बोलून पुढे निघाला. १५२८ मध्ये घडवलेली ही मूर्ती लक्ष्मी-नरसिंहाची आहे. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, तिचा हात तेवढा देवाच्या पाठीशी उरला आहे. तो माझ्या मुलीने शोधून काढला आणि मग बाकीच्या प्रवाशांना मीच दाखवला.

मराठीचे म्हणाल तर दिवसभर हिंदी चालली. गाइड कानडी भागातला, त्याला मराठी येत नसेल तर त्यात त्याचा काय दोष? पण छापताना आपल्याला ते माहीत होते. विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. पंढरीचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि संत भानुदासांनी तो परत आणला, ही परंपरा आपल्याकडे घरोघरी सांगतात. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर मराठी माणसांचा घोळका उभा असताना त्यावर एक अवाक्षर निघाले नाही.

दुपारी राजवाड्याचा परिसर अक्षरशः पळत पाहिला. कमलमहाल आणि हत्तीखाना बाहेरून. महानवमीचा चौथरा लांबूनच. १९८० च्या दशकात उत्खननात सापडलेली पायऱ्यांची पुष्करणी आणि खांबांवरून पाणी नेणारी दगडी पन्हळ गाडीच्या खिडकीतूनही दिसली नाही. एवढ्या कोरड्या, खडकाळ मुलखात राजधानीला पाणी कसे पुरवले, हा प्रश्न मी वहीत लिहून नेला होता, तो तसाच राहिला. हस्तकलेचे दुकान मात्र चुकले नाही, तिथे भरपूर वेळ होता. परिणामी कमलापूरचे संग्रहालय बंद व्हायच्या वेळी पोहोचलो. विठ्ठल मंदिरासाठी काढलेल्या पुरातत्त्व खात्याच्या तिकिटावरच ते पाहता येते आणि अंगणातच सगळ्या परिसराची प्रतिकृती मांडलेली आहे. फेरी खरे तर तिथूनच सुरू करायला हवी.

ऊन होते म्हणून वाट बदलली, हे आपले फोनवरचे उत्तर मला मान्य नाही. हंपीत ऊन असते हे फेरी विकणाऱ्याला माहीत असते. नदीकाठची वाट सकाळी सर्वांत आधी घ्यावी, देवळे मागून.

माझ्या मागण्या अशा. चौघांच्या ८,८०० रुपयांपैकी निम्मे, म्हणजे ४,४०० रुपये परत करावेत. जाहिरातीतून ‘पायी’ आणि ‘मराठीतून’ हे शब्द काढावेत, किंवा तशी फेरी खरोखर द्यावी. त्या मुलाचा पगार मात्र कापू नये. तो उद्धट नव्हता, त्याला काही न शिकवता पाठवले ते आपण.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ती तक्रार मला माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याने काही अडणार नाही.

रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी. पुढच्या सहलीचे कूपन नको.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : पावती, जाहिरातीची प्रत, त्या दिवशीची पुरातत्त्व खात्याची तिकिटे