स्कॉच नसेल तर तो ‘रॉब रॉय’ नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईतील हॉटेलांच्या बारमध्ये ३० वर्षे काम करून मी निवृत्त झालो आणि कोल्हापुरास परतलो. गेल्या महिन्यात येथील एका परमिट रूमच्या मेनू कार्डावर ‘रॉब रॉय’ या स्कॉच व्हिस्कीच्या कॉकटेलचे नाव वाचून मला मनापासून आनंद झाला. परंतु पहिल्याच घोटाला शंका आली आणि विचारल्यावर त्यात स्वस्त देशी व्हिस्की वापरल्याचे समजले. ‘कॉकटेलमध्ये फरक कुठे कळतो, साहेब?’ असे उत्तर मिळाले, म्हणून हे पत्र.

फरक कळतो. न्यूयॉर्कच्या वाल्डोर्फ हॉटेलात १८९४ मध्ये, त्याच नावाच्या संगीतिकेच्या निमित्ताने हे पेय तयार झाले, असे मानले जाते. ६० मिली स्कॉच, ३० मिली गोड व्हर्मूथ (वनौषधींचा स्वाद दिलेली वाईन) आणि बिटर्सचे (कडवट अर्काचे) दोन डॅश, म्हणजे काही थेंब, बर्फावर ढवळून गाळायचे, एवढीच त्याची कृती. तीच कृती राय या धान्याची अमेरिकन व्हिस्की घेऊन केली की ‘मॅनहॅटन’ हे कॉकटेल होते, म्हणजे रॉब रॉयचे सारे वेगळेपण स्कॉचमध्येच आहे. गोड व्हर्मूथऐवजी ड्राय (गोड नसलेली) घेतली तर ‘ड्राय रॉब रॉय’, दोन्ही १५-१५ मिली घेतल्या तर ‘परफेक्ट’, आणि मूळ मिश्रणात थोडे बेनेडिक्टीन (वनौषधींचे गोड फ्रेंच मद्य) घातले तर ‘बॉबी बर्न्स’. या सर्व प्रकारांत बाकीचे काहीही बदलले तरी स्कॉच कायम राहते. (व्हर्मूथ ही मुळात वाईन आहे, त्यामुळे उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवावी लागते, येथे ती फळीवर धूळ खात होती, याचेही वाईट वाटले.)

स्कॉच ही धान्यापासून, स्कॉटलंडमध्येच तयार होऊन तेथेच ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. आपल्याकडील अनेक स्वस्त व्हिस्कींचा पाया उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो, आणि मळी म्हणजे काय हे साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या व्हिस्कीला मी नावे ठेवत नाही, पण ती स्कॉच नव्हे. साखर मिसळलेला गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला गेला की आपण चिडतो. आपल्या गुळाला आणि चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान बाळगतो. मग दुसऱ्यांच्या नावाबाबत आपण एवढे सैल का व्हावे?

माझी बारमालकांना विनंती आहे की, कॉकटेलच्या नावाखाली त्यात कोणती व्हिस्की आहे हे कार्डावर स्पष्ट छापावे, आणि देशी व्हिस्कीच वापरायची असेल तर त्या पेयाला स्वतःचे वेगळे नाव द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त बारटेंडर, कोल्हापूर